हाफकिन आणि लशीचे माप

थोर शास्त्रज्ञांच्या धाडसाचे आपणांस कौतुक वाटते. परंतु त्या धाडसामागील हिशोबाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्यांनी रोगजंतूंपासून केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आम्ही येथे याच दृष्टीने सांगणार आहोत.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, ते ग्रंथालयातील साहाय्यक म्हणून! ग्रंथालयाचे काम आटोपले म्हणजे ते प्रयोगशाळेत पटकीच्या जंतूंचा अभ्यास करीत.

ज्या जंतूने माणूस मरतो, तोच योग्य मात्रेत दिल्यास त्याचे रक्षण करील काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मात्रा कमी पडली तर लस निष्फळ. अधिक झाली तर अपाय. म्हणून नळीत वाढविलेले जंतू ते ठराविक द्रवात मिसळीत व त्या मिश्रणाचा ठरलेला अंशच टोचण्यासाठी घेत. १८ जुलै १८९२ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली.

डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंचे माप काढावे तरी कसे? आज प्रयोगशाळेत जी रीत शिकवितात ती सोपी आहे. जंतुमिश्रणाचा १ घन सेंटिमीटर भाग ९ घन सेंटिमीटर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात मिसळला की मिश्रण दहापट विरल होते. असे ओळीने सहा नळ्यांत केले म्हणजे ते दहा लक्षपट विरल होते. शेवटच्या नळीतील १ घन सेंटिमीटर खाद्य घातलेल्या काचेच्या थाळीत पसरून ठेवल्यावर, समजा, जंतूंचे ३५ ठिपके उगवले. तर मूळ मिश्रणाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरात साडेतीन कोटी जिवंत जंतू होते. आता दर घन सेंटिमीटरास ७० लक्ष जंतू असलेले १० घन सेंटिमीटर मिश्रण हवे असेल, तर एकूण सात कोटी जंतू लागतील. म्हणजे मूळ मिश्रण २ आणि पाणी ८ घन सेंटिमीटर. हे आपले त्रैराशिकच होय!

१८९३ साली हाफकिन हिंदुस्थानात आले. आपल्या ग्वाल्हेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर असलेल्या आग्रा शहरी त्याच वर्षी त्यांनी लस टोचण्यास आरंभ केला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा कहर उसळला, तेव्हा त्यांस तिकडे पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. ज्या रश्श्यात ते जंतू वाढवीत, त्यावर तुपाचे थेंब सोडीत. तुपाच्या आधाराने जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबे. नंतर उष्णतेने जंतू मारून लस बनवीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःस टोचून घेतली. ही मात्रा पुढे लोकांस दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट होती. ताप आला, वेदना झाल्या, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस लस देण्यात आली आणि तिचा गुण दिसून आला.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांस दूर करण्यात आले. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे पुढे उघड झाले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. पण आयुष्यातील मोलाची वर्षे गेली ती गेलीच. आणि ते १९ जीव? त्यांची भरपाई कोणत्याही निर्णयाने होणे नव्हते.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन निवर्तले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

विद्यार्थिमित्रहो, गणित बिनचूक असूनही एका चिमट्याच्या अस्वच्छतेने ते व्यर्थ होते, आणि हात कितीही स्वच्छ असले तरी एक शून्य चुकल्यास घात होतो. प्रयोगशाळेत नळी हाती धराल तेव्हा या दोन्ही गोष्टींचे स्मरण असू द्या, एवढेच आमचे सांगणे आहे.