तेनझिंग नोर्गे : ओझेवाल्यापासून गिर्यारोहणाच्या गुरूपर्यंत

एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेल्या पहिल्या दोघांपैकी एक, एवढ्या ओळखीवर तेनझिंग नोर्गे यांचे चरित्र बहुतेकांच्या लेखी संपते. २९ मे १९५३ ही तारीख शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. हिमकुऱ्हाड उंचावून उभ्या असलेल्या तेनझिंग यांचे छायाचित्रही डोळ्यांपुढे असते. परंतु त्या तारखेच्या अलीकडे अठरा वर्षांची उमेदवारी आहे आणि पलीकडे दोन दशकांहून अधिक काळाची अध्यापकी आहे. गिर्यारोहणाचा प्रारंभ कसा करावा, असे विचारणाऱ्याला त्या एका दिवसापेक्षा या दोन कालखंडांकडूनच अधिक मिळण्यासारखे आहे.

तेनझिंग यांचा जन्म १९१४ सालचा. नेपाळच्या खुम्बू भागातील थामे गावी, याक राखण्यात त्यांचे बालपण गेले. ज्याला जग एव्हरेस्ट म्हणते तो चोमोलुंग्मा शेर्पांना पूज्य होता. केवळ चढण्यासाठी चढावे, अशी रीत तेथे नव्हती. विशीच्या उंबरठ्यावर असताना ते घर सोडून दार्जिलिंगला आले. त्या काळी नेपाळची दारे परकीयांना बंद होती. एव्हरेस्टच्या मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे निघत, आणि ओझी वाहणाऱ्या शेर्पांची निवड तेथेच होई. १९३३ च्या ब्रिटिश मोहिमेत त्यांना जागा मिळाली नाही. पूर्वीच्या मोहिमेचा दाखला असलेल्यांना पहिली पसंती मिळे. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, अशा या पेचात हा तरुण सापडला होता.

तो पेच १९३५ मध्ये सुटला. एरिक शिप्टन यांच्या नेतृत्वाखालील टेहळणी मोहिमेसाठी माणसे निवडली जात असताना, अगदी शेवटच्या क्षणी तेनझिंग यांचा समावेश झाला. निवडीचे मुख्य कारण त्यांचे हसू होते, असे शिप्टन यांनी पुढे नमूद केले आहे. पाठीवर ओझे घेऊन चढ चढणे या शेर्पा तरुणाला नवे नव्हते. नवे होते ते दोराने एकमेकांस बांधून चालणे, हिमकुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदणे आणि लपलेल्या हिमभेगांचा अंदाज घेणे. हे शिकवायला कोणतीही शाळा नव्हती. पुढच्या माणसाकडे पाहून शिकायचे आणि चुकल्यास जिवाची किंमत मोजायची, हीच पद्धत होती. त्या पहिल्याच मोहिमेत ते ओझे घेऊन सुमारे ७,००० मीटर उंचीच्या नॉर्थ कोलपर्यंत गेले.

याच मोहिमेला नॉर्थ कोलच्या पायथ्याशी एक मृतदेह सापडला. तो मॉरिस विल्सन या इंग्रज गृहस्थांचा होता. पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्सन यांनी विमान चालवणे शिकून घेतले आणि १९३३ मध्ये एका लहान विमानातून एकट्याने इंग्लंडहून भारत गाठला. उपवास आणि श्रद्धा यांच्या बळावर एव्हरेस्ट चढता येईल, अशी त्यांची धारणा होती. बर्फावरील चढाईचे शिक्षण मात्र त्यांनी घेतले नव्हते. परवानगी नसताना वेश पालटून ते तिबेटात शिरले आणि १९३४ मध्ये त्या उतारावर मरण पावले. विल्सन यांच्या धैर्याविषयी कोणीही शंका घेऊ शकत नाही. परंतु धैर्य हे तंत्राची जागा घेऊ शकत नाही. पहिल्याच मोहिमेवर निघालेल्या एका उमेदवारासमोर याहून कठोर धडा कोणता असणार?

तेनझिंग यांची पुढची प्रगती क्रमाक्रमाने झाली. १९३६ आणि १९३८ मध्ये ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. १९३८ मध्ये सर्वांत वरच्या तळापर्यंत ओझे पोहोचवल्याबद्दल त्यांना ‘टायगर’ पदक मिळाले. महायुद्धाची वर्षे चित्रालमध्ये नोकरीत गेली. तेथेच पहिल्या पत्नीचे निधन झाले. १९४७ मध्ये अर्ल डेन्मन यांच्यासमवेत केलेला एव्हरेस्टचा प्रयत्न अपुऱ्या सामग्रीमुळे आणि वाऱ्याथंडीमुळे सोडून द्यावा लागला. १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमंड लॅम्बर्ट यांच्याबरोबर ते सुमारे ८,५९५ मीटरपर्यंत पोहोचले. शिखर २५० मीटरच्या आसपास उरले असताना दोघे परतले. वेळीच परत फिरणे हाही गिर्यारोहणाचा भाग आहे, आणि तो अंगी बाणवायला सर्वांत कठीण असतो.

१९५३ च्या एप्रिलमध्ये खुम्बू हिमप्रपातातून उतरताना एडमंड हिलरी यांच्या पायाखालचा बर्फ ढासळला व ते हिमभेगेत कोसळले. तेनझिंग यांनी तत्क्षणी हिमकुऱ्हाड बर्फात रोवली, तिच्याभोवती दोर घेतला आणि पडणाऱ्या सोबत्याला तोलून धरले. जोडीदाराचा दोर सांभाळण्याचे हे कसब नवशिक्याला आरंभीच्या धड्यांत शिकवतात. त्यावर एका माणसाचे प्राण वाचले. महिन्याभराने हेच दोघे शिखरावर उभे राहिले. आधी कोणाचे पाऊल पडले यावरून मोठा वाद माजला, तेव्हा आत्मचरित्रात तेनझिंग यांनी हिलरी पुढे असल्याचे मोकळेपणाने सांगून टाकले.

यानंतर त्यांनी केलेली गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जगातील सर्वोच्च शिखर सर केलेला हा चाळिशीचा माणूस १९५४ मध्ये काही शेर्पा सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडला गेला आणि आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थी झाला. चढणे आणि चढायला शिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्यामागचे कारण होते. पंडित नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल हे पहिले प्राचार्य आणि तेनझिंग हे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्याकडे देशाच्या पहिल्या गिर्यारोहण संस्थेतील प्रत्यक्ष शिक्षण सोपवले गेले.

तेथे शिक्षणाला क्रम आला. आधी गाठी मारणे, दोर सांभाळणे, खडकावर हातापायांची पकड आणि दोरावरून उतरणे. हा सराव दार्जिलिंगजवळच्या, आज तेनझिंग रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकावर होई. त्यानंतर सिक्कीमकडे पायी वाटचाल, विरळ हवेची सवय आणि मग बर्फावरचे धडे. जे तेनझिंग यांना अठरा वर्षे ओझी वाहत वेचावे लागले, त्याचा पाया नवशिक्याला काही आठवड्यांत आणि अनुभवी नजरेखाली मिळू लागला. त्यांचे भाचे नवांग गोंबू तेथेच प्रशिक्षक झाले आणि १९६३ व १९६५ मध्ये एव्हरेस्ट दोनदा चढणारे पहिले गिर्यारोहक ठरले. शिक्षणाने धोका नाहीसा होत नाही, हेही संस्थेने लवकरच अनुभवले. प्राचार्य जयाल १९५८ मध्ये चो ओयू मोहिमेवर मृत्यू पावले.

तेनझिंग १९७६ पर्यंत या पदावर होते. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले. संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे. पुढे उत्तरकाशी आणि मनालीलाही अशा संस्था उभ्या राहिल्या. सह्याद्रीच्या कड्यांवर दोराशी पहिली ओळख झालेले अनेक मराठी तरुण-तरुणी आज याच संस्थांच्या ‘बेसिक कोर्स’साठी हिमालयाची वाट धरतात. तेथे पहिल्या दिवशी त्यांच्या हाती शिखराचा नकाशा पडत नाही. पडतो तो दोराचा एक तुकडा, आणि गाठ मारायला शिकणे तेथून सुरू होते.