माळावरचा दवाखाना

इ. स. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि थोड्याच महिन्यांत ती पुण्यात येऊन थडकली. रोग्याला प्रथम कडाक्याचा ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि धडधाकट माणूस चारसहा दिवसांत दगावे. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते.

लोकांना रोगाइतकीच इस्पितळाचीही धास्ती वाटे. तेथे नेलेला माणूस पुन्हा दृष्टीस पडत नाही, अशी त्यांची समजूत होती. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडवरील इस्पितळावर चालून गेला होता. या भीतीमुळे लोक आपले रोगी घरातच लपवून ठेवीत आणि त्यायोगे रोग अधिकच फैलावे.

अशा वेळी सावित्रीबाई फुले पुढे सरसावल्या. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. पती जोतीराव १८९० साली निवर्तले होते. दत्तक पुत्र यशवंत डॉक्टर असून लष्करात नोकरीस होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले. पुण्याजवळ हडपसर येथील ससाणे यांच्या माळावर, वस्तीपासून दूर व मोकळ्या हवेत, मायलेकांनी तात्पुरता दवाखाना उघडला.

दवाखाना उघडला, तरी रोगी विश्वासाने यावेत कसे? सावित्रीबाई स्वतः घरोघरी जात, धीर देत आणि रोग्याला आपल्याबरोबर घेऊन येत. लोकांना त्या परक्या नव्हत्या. १८४८ पासून शेणमातीचा मारा सोसून त्यांनी मुलींना शिकविले होते. १८७७ च्या दुष्काळात भुकेल्यांना अन्न दिले होते. ज्या बाईने आपल्याला कधी अंतर दिले नाही, तिच्या हाती आपला माणूस सोपविण्यास लोक कचरले नाहीत.

एके दिवशी मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीत गायकवाड कुटुंबातील एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे त्यांना कळले. त्या तडक तेथे गेल्या. स्पर्शाने आपल्यालाही रोग जडेल, हे त्या जाणून होत्या. तरीही त्या मुलाला पाठीशी घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. पुढे त्यांनाच प्लेगने ग्रासले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

यशवंतांनीही मातेचा वसा टाकला नाही. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतानाच १९०५ साली त्यांनाही मृत्यू आला. भ्यालेल्या माणसाला औषधाआधी आपुलकीचा हात हवा असतो. तो हात सावित्रीबाईंनी अखेरपर्यंत मागे घेतला नाही.