कोटितीर्थावरचा चित्रकार

कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा, तालमी आणि अंबाबाई, एवढंच बाहेरच्या पोरांना माहीत असतं. आमच्या हॉस्टेलवर आबालाल रहिमान हे नाव घेतलं तर दहांतले नऊ जण तोंडाकडे बघत राहतील. म्हणून हा लेखनप्रपंच.

आबालाल कोल्हापूरचेच. जन्म १८६० च्या सुमाराचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळवलं. असा चित्रकार मुंबईत राहिला असता तर साहेबांची आणि शेटजींची पोर्ट्रेट्स करून बक्कळ कमावता आलं असतं. हा माणूस गावी परतला! पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं, पण जीव रमला तो कोटितीर्थ तळ्याच्या काठी. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट... तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा रंगवत राहिले.

तेच ते तळं इतक्यांदा कशाला, हे कोडं मला बरेच दिवस होतं. स्वतः जलरंगात शुक्रवार पेठेतली एक गल्ली काढायला बसलो तेव्हा थोडं उमगलं. दुपारी दोनला गल्ली सुनसान असते. कौलं, वाळत घातलेल्या मिरच्या, भिंतीला टेकवलेली सायकल. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये रेघ चुकली तर खोडरबर आहे. इथं उन्हासाठी कोरा कागदच राखून ठेवायचा. ओल्या रंगात दुसरा रंग सोडला की तो आपल्या मर्जीनं पसरतो आणि जे काय करायचं ते कागद वाळायच्या आत. तेवढ्यात सावली हातभर सरकलेली असते. उद्या गल्ली तीच, पण चित्र वेगळं होणार. आबालाल तर हे वर्षानुवर्षं करत होते.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. खरं-खोटं करायला आता कोण उरलंय? पण एवढं काम केलेल्या माणसाची आज मोजकीच चित्रं बघायला मिळतात, हे मात्र खरं. १९३१ मध्ये ते वारले. बाबूराव पेंटरांसारखे पुढचे दिग्गज त्यांना फार मानत.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांची काही चित्रं आहेत. सबमिशन संपलं की जाऊन या. तिथून शाहू मिलजवळ कोटितीर्थावरही चक्कर मारा, संध्याकाळी ऊन उतरताना.