लंडनची पदवी आणि महाडचे तळे

वेण्णेच्या काठी वसलेले मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. या डोंगराळ भागातील घरटी एक तरी माणूस पोटासाठी मुंबई गाठतो, ही परंपरा जुनी आहे. आता त्याच घरांतील मुले कायद्याची पदवी घेऊ लागली आहेत, आणि त्यांतील काहींच्या डोळ्यांसमोर तालुक्याच्या न्यायालयापलीकडचे, लंडनचे चित्र उभे राहते. खर्च केवढा, कर्ज कोण देईल, आणि परत आल्यावर पक्षकार मिळतील काय, हे तीन प्रश्न अशा घरात हटकून निघतात. सातारच्या शाळेत आपले नाव घातलेल्या एका विद्यार्थ्याला शंभर वर्षांपूर्वी हेच प्रश्न पडले होते. त्याचे चरित्र आपण पुष्कळदा वाचतो. परंतु त्यातील वकिलीच्या आरंभाचे प्रकरण मात्र घाईने उलटून जातो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव सातारच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. पुढे हीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांची आई सातारलाच निवर्तली होती. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगावी असत. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटण्यास निघालेली ही भावंडे मसूर स्थानकावर उतरली. त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास राजी होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनी स्वतःच हाकावी अशा बोलीवर सौदा ठरला. कायद्याचे एकही पुस्तक न वाचलेल्या त्या मुलाला हक्क म्हणजे काय, याचा पहिला धडा सातारा जिल्ह्याच्या रस्त्यावर असा मिळाला.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, नुकताच पदवीधर झालेला हा बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१५ मध्ये एम.ए. झाल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी लंडन गाठले. तेथे अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबर बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या संस्थेत ११ नोव्हेंबर १९१६ रोजी नाव नोंदविले. तेथील रीत आपल्याकडील माणसास चमत्कारिक वाटावी अशी. परीक्षा तर द्यावयाच्याच, पण संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवून सत्रे पुरी केल्यावाचून सनद नाही. आपल्या देशात ज्याच्या पंक्तीला कोणी बसले नसते, त्याने तेथे इतरांच्या बरोबरीने पंक्तीत बसणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता!

परंतु वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मागाहून जहाजाने येणारी त्यांची ग्रंथसंपदा महायुद्धातील पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. करारानुसार ते बडोद्यास गेले, तेथे त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशी विद्यापीठाची पदवी माणसाची जात पुसू शकत नाही, हे त्यांना त्या काही दिवसांत कळून चुकले.

येथे दुसरा कोणी थांबला असता. बाबासाहेबांनी १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी धरली, काटकसरीने पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनची वाट धरली. इकडे रमाबाई परळच्या चाळीत ओढगस्तीचा संसार रेटीत होत्या. तिकडे ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून ते बंद होईपर्यंत बसत आणि अर्धपोटी राहत. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्यांच्या यादीमागे कर्जाचे आणि एका स्त्रीच्या मूक कष्टांचे किती ओझे होते, हे विसरून चालणार नाही.

१९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस परतले. हाती बॅरिस्टरी होती, पण उच्च न्यायालयाची सनद घेण्यापुरते पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले. सनद मिळाली, तरी कामे कोठून यावीत? त्या काळी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे कागद पाठविण्याची सॉलिसिटर मंडळींची तयारी नव्हती. साहजिकच त्यांना अपील शाखेकडे आणि बाहेरच्या लहान न्यायालयांकडे वळावे लागले. प्रपंचासाठी १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. १९२६ मध्ये ‘देशाचे दुष्मन’ या पुस्तिकेच्या खटल्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींची बाजू त्यांनी मांडून यश मिळविले, तेव्हा कोठे वकील म्हणून त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आले.

मात्र या पदवीची खरी कसोटी फी घेऊन चालविलेल्या कोणत्याच खटल्यात लागली नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. पण चवदार तळ्याच्या पाण्यास अस्पृश्याने हात लावण्याची सोय नव्हतीच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह ते पाणी घेतले. डिसेंबरात सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम मिळविला. तळ्यावर जाण्यास हजारो माणसे सिद्ध असताना त्यांनी तो हुकूम पाळला. अनेकांना ती माघार वाटली असेल. पण कायद्याने मिळवावयाचा हक्क कायदा मोडून टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मग खालच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे दावा चालला. त्यात बॅरिस्टर आंबेडकर हे स्वतः प्रतिवादी होते. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, दावा रद्द. मसूरला स्वतः गाडी हाकावी लागलेल्या मुलास त्या दिवशी न्याय मिळाला. पण त्याकरिता छत्तीस वर्षे जावी लागली होती.

आज परिस्थिती पालटली आहे. लंडनमध्ये ज्या घरात बाबासाहेब राहत, ते किंग हेन्री रोडवरील घर राज्य शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. परंतु वाट अजूनही सरळ नाही. भारतीय पदवीच्या बळावर इंग्लंडात थेट वकिली करता येत नाही. तेथील अर्हता परीक्षा द्याव्याच लागतात. परदेशी पदवी घेऊन परतणाऱ्यालाही येथील बार कौन्सिलची परीक्षा चुकत नाही. आणि शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर पोहोचला नाही, तर परक्या शहरात खोलीचे भाडे थकते, हे शंभर वर्षांपूर्वी जितके खरे होते तितकेच आजही आहे. प्रतिभावंताचा अभ्यास पैशापायी एकदा तुटला, तो जोडावयास तीन वर्षे आणि एक उदार मित्र लागला. प्रत्येक विद्यार्थ्यास भथेना भेटत नाही. म्हणूनच ती जबाबदारी शासनाची ठरते.

मेढ्याच्या पदवीधराने लंडनला जरूर जावे, तेथेच जम बसवावा असे वाटले तर त्यातही गैर काही नाही. पण जाताना एवढे ध्यानी धरावे की बाबासाहेबांची बॅरिस्टरी ग्रेज इनच्या पंक्तीत पुरी झाली नाही. ती पुरी झाली ती महाडच्या तळ्याच्या दाव्यात, जेथे फी नव्हती आणि पक्षकार एकटा नव्हता.