पराभवानंतर पक्षाला आठवलेले वसंतदादा

पेरणी साधली नाही तर बियाण्याला किंवा पावसाला दोष देऊन भागत नाही, दुबार पेरावेच लागते. निवडणूक हरलेल्या पक्षाचेही तसेच असते. वसंतदादा पाटलांच्या आयुष्यात हे पाहायला मिळते.

दादांचा जन्म १९१७ चा, सांगलीजवळच्या पद्माळ्याचे शेतकरी घराणे. आईबाप प्लेगने लहानपणीच गेले, आजीने वाढवले. शिक्षण बेताचेच. २४ जुलै १९४३ रोजी इंग्रजांच्या कैदेत असताना साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला, त्यात खांद्याला गोळी लागली. स्वातंत्र्यानंतर सांगलीला सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पाटबंधारे मंत्री झाले. कार्यकर्त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचे ऐकून घेणारा पुढारी, अशी त्यांची ओळख. १९७६ मध्ये मात्र त्यांना मंत्रिमंडळातून वगळले. दादांनी राजकारण सोडल्याचे जाहीर केले आणि सांगली गाठली.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणीचा राग मतपेटीतून निघाला. दिल्लीची सत्ता गेली. महाराष्ट्रात ४८ पैकी अवघ्या २० जागा काँग्रेसला मिळाल्या. त्यातली एक आपल्या वाशिमची, तिथून माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक निवडून आले. मुंबईत मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांना पायउतार व्हावे लागले. नवा नेता निवडायचा हक्क विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे काँग्रेसच्या आमदारांचा. त्यांनी घरी बसवलेल्या दादांनाच पुढे केले. १७ मे १९७७ रोजी दादा मुख्यमंत्री झाले.

पण नेता बदलला म्हणून दुही मिटतेच असे नाही. १९७८ च्या सुरुवातीला काँग्रेस फुटली. विधानसभेनंतर दोन्ही काँग्रेसना एकत्र घेऊन दादांनी सरकार बनवले, तेही जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडल्याने कोसळले. दादा खचले नाहीत. १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले. १ मार्च १९८९ रोजी ते गेले.

सोसायटी असो की ग्रामपंचायत, पॅनेल पडले की आपण मतदारांवर खापर फोडतो. त्यापेक्षा एकत्र बसावे, चूक कबूल करावी आणि मागे सारलेल्या कामाच्या माणसाला बोलवावे. मात्र आपसातली भांडणे आधी मिटवावीत, नाहीतर नवा कारभारीही टिकत नाही.