चौदाव्या वर्षी शाळा संपलेली मुलगी

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहायच्या, असा रिवाज आहे. मधल्या सुट्टीतल्या गमती, स्नेहसंमेलने, छडी आणि शाबासकी यांवर आपल्यापैकी पुष्कळ जण लिहितीलच. मी मात्र एका अशा मुलीची हकीकत सांगणार आहे, जिची शाळा चौदाव्या वर्षी संपली आणि तरीही जिचे नाव आज मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत आहे. तिचे नाव लिझे माइटनर.

लिझेचा जन्म ७ नोव्हेंबर १८७८ रोजी व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. आठ भावंडांत ती तिसरी. घरात पुस्तके होती, संगीत होते, आणि मुलींनीही शिकावे असे आईवडिलांना मनापासून वाटे. अडचण घरात नव्हती, कायद्यात होती. ऑस्ट्रियात त्या काळी मुलींचे सरकारी शिक्षण चौदाव्या वर्षी थांबे. विद्यापीठात नेणाऱ्या माध्यमिक शाळा फक्त मुलांसाठी होत्या. लिझेला गणित आणि पदार्थविज्ञान आवडे, पण तिने फ्रेंचची शिक्षिका होण्याची परीक्षा दिली, कारण मुलीला मोकळी असलेली वाट तेवढीच होती.

१८९७ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची दारे स्त्रियांना उघडली. पण आत जायचे तर मुलांची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. जो अभ्यास मुलगे आठ वर्षे करत, तो लिझेने खासगी शिकवणी लावून दोनेक वर्षांत उरकला. ती पुस्तकाशिवाय खोलीतून नुसती चालत गेली तरी धाकटी भावंडे चिडवत, की आता तू नक्की नापास होणार. १९०१ साली मुलांच्या एका अनोळखी शाळेत जाऊन तिने परीक्षा दिली. चौदा मुली बसल्या होत्या. चार उत्तीर्ण झाल्या. त्यांत ती होती. विद्यापीठात पाऊल ठेवले तेव्हा तिला तेविसावे वर्ष पुरे होत आले होते.

तिथे तिला लुडविग बोल्ट्झमान हे गुरू भेटले. पदार्थविज्ञान म्हणजे अंतिम सत्याचा शोध, ही ओढ त्यांच्या व्याख्यानांनी तिला लावली आणि ती शेवटपर्यंत टिकली. आपल्यापैकी ज्यांना असे एखादे गुरुजी किंवा बाई लाभल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. १९०६ मध्ये लिझेला डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्नात पदार्थविज्ञानात हा मान मिळवणारी ती दुसरी स्त्री.

१९०७ मध्ये ती मॅक्स प्लँक यांची व्याख्याने ऐकायला बर्लिनला गेली. एक-दोन वर्षे राहायचे म्हणून गेली आणि एकतीस वर्षे राहिली. तिथे तिला ऑटो हान हा तिच्याच वयाचा रसायनशास्त्रज्ञ सहकारी मिळाला. किरणोत्सर्गाच्या संशोधनात त्याला पदार्थविज्ञान जाणणारे कोणी हवे होते. पण रसायनशास्त्राच्या त्या संस्थेत स्त्रियांना मज्जाव होता. शेवटी तोडगा निघाला. तळमजल्यावर सुताराच्या कामासाठी असलेली एक खोली त्यांना मिळाली. तिला बाहेरून स्वतंत्र दार होते. त्याच दाराने यायचे, त्याच दाराने जायचे, वरच्या प्रयोगशाळांत पाऊल टाकायचे नाही. इमारतीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते; त्यासाठी जवळच्या उपाहारगृहात जावे लागे. रस्त्यात दोघे सोबत दिसले तर काही सहकारी फक्त हानना नमस्कार करून पुढे जात. १९०९ मध्ये बंदी उठली, पण १९१२ पर्यंत माइटनरबाईंना पगाराचा एक पैसाही मिळाला नाही. घरून येणाऱ्या पैशांत त्या भागवत होत्या.

पुढे डालेम येथे नवी कैसर विल्हेल्म रसायन संस्था उभी राहिली आणि दिवस पालटले. प्लँक यांनी त्यांना साहाय्यक म्हणून नेमले. पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रियन सैन्याच्या रुग्णालयांत क्ष-किरण परिचारिका म्हणून काम केले आणि मग त्या प्रयोगशाळेत परतल्या. हान तेव्हा लष्करी सेवेत होते. ९१ क्रमांकाच्या मूलद्रव्याचा, म्हणजे प्रोटॅक्टिनियमचा शोध लावण्याचे बहुतेक काम बाईंनी एकटीने केले. १९१८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर हान यांचे नाव पहिले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९२२ मध्ये विद्यापीठात त्यांचे पहिले व्याख्यान झाले. विषय होता विश्वातील घडामोडींमध्ये किरणोत्सर्गाचे स्थान. बाईमाणसाने ‘कॉस्मिक’ विषयावर बोलावे हे एका वृत्तपत्राच्या पचनी पडले नसावे. त्याने ‘कॉस्मेटिक’ छापले! १९२६ मध्ये त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. पदार्थविज्ञानात हे पद मिळवणाऱ्या जर्मनीतील त्या पहिल्या स्त्री. संस्थेतील पदार्थविज्ञान विभाग तर त्यांनी पहिल्या विटेपासून उभारला होता.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असल्याने त्यांचा विद्यापीठात शिकवण्याचा हक्क गेला. ऑस्ट्रियाच्या नागरिक असल्यामुळे संस्थेतली जागा तेवढी राहिली. अनेक ज्यू शास्त्रज्ञ देश सोडून गेले. बाई राहिल्या. आपल्या हाताने उभारलेले काम सोडवेना. १९३४ मध्ये त्यांनीच हान यांना पुन्हा सोबत घेतले आणि युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला तर काय होते, याचा शोध सुरू केला. फ्रिट्झ स्ट्रासमान हे तरुण रसायनज्ञ तिसरे.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांचा पासपोर्ट एका रात्रीत निरुपयोगी झाला. देशाबाहेर जायला परवानगी नाही आणि राहिले तर जिवाची शाश्वती नाही. १३ जुलैला डच शास्त्रज्ञ डिर्क कोस्टर यांच्या सोबतीने त्या आगगाडीने सरहद्द ओलांडून गेल्या. आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत त्या एका तरुण सहकाऱ्याचा निबंध तपासत बसल्या होत्या, कोणाला संशय येऊ नये म्हणून. जवळ दोन लहान पेट्या, दहा मार्क आणि हान यांनी दिलेली त्यांच्या आईची हिऱ्याची अंगठी. पहारेकऱ्याला द्यायची वेळ आली तर असावी म्हणून. वय एकोणसाठ.

स्टॉकहोममध्ये आसरा मिळाला, पण उपकरणे नव्हती, मदतनीस नव्हते, आपुलकीही नव्हती. बर्लिनशी संबंध उरला तो पत्रांचा. डिसेंबरमध्ये हान यांचे पत्र आले. युरेनियमवर मारा केल्यावर बेरियम मिळत होते, आणि ते कसे, हे त्यांना उलगडत नव्हते. नाताळासाठी बाई कुंगेल्व्ह या गावी गेल्या होत्या. भाचा ऑटो फ्रिश, तोही भौतिकशास्त्रज्ञ, तिथे आला होता. दोघे बर्फात फिरायला निघाले, भाचा स्कीवर आणि मावशी पायी. वाटेत एका ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर गणित सुरू झाले. अणुकेंद्र पाण्याच्या थेंबासारखे मानले, तर युरेनियमचा मोठा, डळमळीत थेंब न्यूट्रॉनच्या धक्क्याने मध्ये बारीक होऊन दुभंगू शकेल. युरेनियमचा क्रमांक ९२, बेरियमचा ५६. उरले ३६, म्हणजे क्रिप्टॉन. दोन्ही तुकडे एकमेकांना ढकलतील त्याची ऊर्जा सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट भरत होती. ती येणार कुठून? केंद्रांच्या वस्तुमानाचे सूत्र बाईंना तोंडपाठ होते. तुकड्यांचे वस्तुमान मूळ केंद्रापेक्षा प्रोटॉनच्या एक पंचमांशाने कमी निघाले. आइन्स्टाइनच्या सूत्रात ही तूट घातली, तर उत्तर तेच, २०० दशलक्ष. हिशेब जुळला. फेब्रुवारी १९३९ मध्ये दोघांचा निबंध ‘नेचर’ मध्ये आला. अणुकेंद्राच्या विखंडनाला फ्रिश यांनी पेशीविभाजनावरून नाव दिले.

या शोधातून बाँब निघणार हे लवकरच दिसू लागले. त्या कामात सहभागी होण्याचे निमंत्रण माइटनरबाईंनी साफ नाकारले. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल हान यांना एकट्यांना जाहीर झाले. परागंदा ज्यू सहकारिणीचे नाव घेणे नाझी राजवटीत हान यांना धोक्याचे होते, हे खरे. पण राजवट गेल्यावरही हा शोध निव्वळ रसायनशास्त्राचा, असेच ते सांगत राहिले. १९१८ मध्ये ज्यांनी आपल्या कष्टांवर त्यांचे नाव पुढे घातले होते, त्यांच्या वाट्याला हे आले. नोबेलसाठी बाईंचे नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवले गेले. मिळाले कधीच नाही.

त्यांनी हान यांच्याशी मैत्री तोडली नाही. मात्र जर्मन सहकारी हिटलरच्या राज्यात गप्प राहिले, याबद्दल त्यांना खडसावले. आणि मला सर्वांत मोठे वाटते ते हे, की तो हिशेब त्यांनी स्वतःलाही लावला. १९३३ मध्येच निघून न जाणे हा आपला मूर्खपणाच नव्हे तर अन्याय होता, असे त्यांनी पुढे पत्रातून कबूल केले. आपल्यावर झालेल्या अन्यायाची यादी पुष्कळांना पाठ असते. आपल्या हातून झालेला फार थोडे जण लिहून ठेवतात.

१९६६ मध्ये अमेरिकेचा फर्मी पुरस्कार हान आणि स्ट्रासमान यांच्यासह त्यांना मिळाला. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदी पुरी व्हायला थोडे दिवस असताना, केंब्रिजमध्ये त्या गेल्या. इंग्लंडमधील ब्रॅम्ली या खेड्यात, धाकट्या भावाजवळ त्यांचे दफन झाले. माणुसकी कधीही न हरवलेली भौतिकशास्त्रज्ञ, अशा अर्थाची ओळ भाच्याने थडग्यावर कोरवली. १९९७ मध्ये १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याचे नाव मान्य झाले : माइटनेरियम.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आवर्तसारणीचा तक्ता टांगलेला असतो. मेळाव्याच्या दिवशी वर्ग पाहायला जाल तेव्हा त्यावर १०९ क्रमांक शोधा. तक्ता जुना असेल तर तो तिथे नसेलच. मग आपल्या तुकडीतर्फे शाळेला एक नवा तक्ता देऊ. समोरच्या बाकावरच्या एखाद्या मुलीने हे नाव कोणाचे, असे विचारले तर सांगायला ही हकीकत आता आपल्यापाशी आहे.