विजेच्या गिटारचा जनक जॉर्ज बीचम

मागील पावसाळ्यातील गोष्ट. ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या सायंकाळच्या गाडीत आमच्या शाळेचा एक विद्यार्थी जुन्या चादरीत गुंडाळलेली एक जड फळी छातीशी धरून उभा होता. गर्दी किती होती हे त्या मार्गाने प्रवास करणाऱ्यांस सांगावयास नको. विचारपूस करिता कळले की, ती फळी म्हणजे गिटारचे शरीर असून तो व त्याचा थोरला भाऊ डोंबिवलीतील आपल्या घराच्या गॅलरीत विजेवर वाजणारी गिटार स्वहस्ते तयार करीत आहेत. घरभर उडणाऱ्या लाकडाच्या भुशामुळे मातोश्री त्रस्त आहेत, आणि अभ्यासाचे काय, हा वडिलांचा रास्त प्रश्न आहे. फेंडर, गिब्सन इत्यादी कारखान्यांची नावे त्या मुलास मुखोद्गत होती. परंतु अशी गिटार प्रथम कोणी केली हे त्यास ठाऊक नव्हते. ज्याने ती केली त्याचे चरित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगावे असे त्याच वेळी आमच्या मनात आले.

जॉर्ज बीचम याचा जन्म सन 1899 मध्ये अमेरिकेतील टेक्सास संस्थानात झाला. तो विद्वान नव्हता, शास्त्रज्ञ तर नव्हताच. तो फिडल व हवाई पद्धतीची गिटार वाजवी आणि करमणुकीचे खेळ करणाऱ्या मंडळ्यांबरोबर गावोगाव फिरून पोट भरी. हवाई पद्धत म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत वाजविणे. आपल्याकडे बट्टाबीन अथवा विचित्र वीणा ज्यांनी ऐकली आहे त्यांस या प्रकाराची कल्पना सहज येईल. स्वर तुटत नाही, मींड हवी तेवढी लांबविता येते, आणि वाद्य जणू गळ्याने गाऊ लागते. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू याने ही रीत प्रसिद्धीस आणिली व विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या अमेरिकेस तिचे वेड लागले.

पण या गोड वाद्यात एक मोठे वैगुण्य होते. त्याचा आवाज लहान. घरच्या बैठकीत ते शोभून दिसे. परंतु मोठ्या नाट्यगृहात, तुताऱ्या व ढोल यांच्या साथीत, बिचाऱ्या गिटारवाल्याची बोटे हलताना दिसत, ऐकू मात्र काही येत नसे. ज्या मनुष्याची भाकरी आपले वादन ऐकू जाण्यावर अवलंबून आहे त्यास हे किती जाचत असेल! बीचमच्या पुढील साऱ्या आयुष्याचे मूळ या एकाच जाचात आहे असे आम्हास वाटते.

प्रथम त्याने लॉस एंजेलिस शहरातील जॉन डोपेरा नामक वाद्यकारागिरास गाठले व ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेली गिटार करवून घेतली. ती साफ फसली. नंतर डोपेराने गिटारच्या पोटात अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसविले. ही युक्ती उत्तम साधली. आवाज खणखणीत झाला, बीचमच्या एका श्रीमंत आप्ताने 12,500 डॉलर भांडवल दिले आणि ‘नॅशनल’ या नावाची कंपनी उभी राहिली. तथापि यश आले की त्यामागून भांडणे येतात. एका शंकूची गिटार कोणाच्या डोक्यातून निघाली यावरून डोपेरा व बीचम यांचे बिनसले. डोपेरा बाहेर पडला, आणि सन 1931 मध्ये खुद्द बीचमसही कंपनीने काढून टाकले. दोष कोणाचा किती याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. महामंदीच्या ऐन दिवसांत तो बेकार झाला एवढे खरे.

परंतु एक विचार त्याने यापूर्वीच धरून ठेविला होता. आवाज मोठा करावयाचा तर वाद्याच्या पोटावर विसंबण्यापेक्षा विजेची मदत का घेऊ नये? त्याने रात्रीच्या वर्गात जाऊन विद्युत्शास्त्राचे धडे घेतले. एका साध्या फळीवर एकच तार ताणून तिला ग्रामोफोनचा विजेचा पिकअप जोडून पाहिला. पुढे घरातील जेवणाचे टेबल हीच त्याची प्रयोगशाळा झाली. पॉल बार्थ हा मित्र साह्यास होता.

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. लोहचुंबकाजवळ तारेचे वेटोळे असेल आणि चुंबकाचे क्षेत्र बदलत राहील, तर त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने सन 1831 मध्ये दाखविले होते. गिटारची तार पोलादाची. ती चुंबकाच्या सान्निध्यात कंप पावू लागली की त्या क्षेत्रात चलबिचल होते आणि तारेच्या कंपनाबरहुकूम वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह खेळू लागतो. तो प्रवाह ध्वनिवर्धकात नेऊन हवा तेवढा मोठा करावा. बीचमने दोन नालाकृती चुंबक समोरासमोर असे बसविले की तारा त्यांच्या कवेतून जाव्यात. तारांच्या खाली वेटोळे ठेवून प्रत्येक तारेस एक, अशा सहा लोखंडी खुंट्या त्यात योजिल्या. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे असंख्य वेढे हाताने देणे अशक्यप्राय. म्हणून त्यासाठी म्हणे कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार जुंपली. बार्थच्या आठवणीप्रमाणे ती मोटार शिवणयंत्राची होती. कसेही असो, गृहिणीचे एक यंत्र कामी आले यात मतभेद नाही!

यातून जी गोष्ट निष्पन्न झाली ती फार महत्त्वाची आहे. तारेचे कंपन थेट विजेत रूपांतरित होऊ लागल्यावर वाद्यास पोकळ पोटाची, भोपळ्याची अथवा पेटीची गरजच उरली नाही. नॅशनलमधील जुना सहकारी हॅरी वॉटसन याने बीचमच्या घराच्या मागल्या ओसरीत बसून, करवत व कानस घेऊन, मेपलच्या एका अखंड ओंडक्यातून लांब दांडा व त्याच्या टोकास लहानसे वाटोळे शरीर कोरून काढले. दिसण्यात ते हुबेहूब लांब दांड्याच्या तव्यासारखे होते, म्हणून लोकांनी त्यास ‘तळणीचा तवा’ असेच नाव दिले. हजारो वर्षे ज्या तंतुवाद्यांचा आवाज त्यांच्या पोटातून निघत आला, त्यांच्या कुळात हे बिनपोटाचे अपत्य जन्मास आले.

अॅडॉल्फ रिकेनबॅकर या स्विस कारागिराचा पत्रे ठोकून भाग बनविण्याचा कारखाना होता. तो भागीदार झाला व सन 1932 पासून ओतीव अॅल्युमिनियमचे हे वाद्य विक्रीस आले. खप अगदीच बेताचा. मंदीत लोकांपाशी पैसा नव्हता, कित्येक गावी वीजही पोहोचली नव्हती. पेटंटच्या कचेरीने तर निराळीच शंका काढिली: हे वाद्य मुळात वाजते तरी काय? मग सॉल हूपी या नामांकित हवाई वादकास काही सोबत्यांसह वॉशिंग्टनला धाडून त्या अधिकाऱ्यांसमक्ष वादन करवावे लागले. एवढे होऊनही सन 1934 मधील अर्जावर पेटंट मिळाले ते 10 ऑगस्ट 1937 रोजी. तोवर इतर अनेक कारखाने विजेच्या गिटारी करून विकू लागले होते, आणि त्यांच्यावर फिर्यादी करण्याइतका पैसा या लहान कंपनीजवळ नव्हता. कागद हाती आला, फळ इतरांच्या पदरी पडले.

बीचमचे मन यातून उडाले. सन 1940 मध्ये त्याने आपला हिस्सा विकून टाकिला. मासेमारीचा त्यास नाद होता व माशांसाठी कृत्रिम आमिषे बनविण्यात तो गढून गेला होता. येथेही स्वस्थ न बसता काही नवे घडविण्याची त्याची खोड दिसते. पुढल्याच वर्षी, 1941 मध्ये, समुद्रावर मासेमारीस गेला असता हृदयक्रिया बंद पडून त्याचा अंत झाला. वयाची पन्नाशीही त्याने गाठली नव्हती. वाद्यावर नाव राहिले ते रिकेनबॅकरचे. सन 1964 मध्ये बीटल्स मंडळीतील जॉर्ज हॅरिसनच्या हाती बारा तारांची रिकेनबॅकर गिटार साऱ्या जगाने पाहिली, तेव्हा बीचमची आठवण फार थोड्यांस झाली असेल.

त्याचे वाद्य मात्र आपल्या देशात आले व येथलेच झाले. हिंदी चित्रपटांच्या संगीतात हवाई गिटारने घर केले. लखनौहून मुंबईस आलेले व्हॅन शिप्ली हे तर स्वतःच्या कल्पनेने आठ तारांची विजेची गिटार घडवून तिच्यावर चित्रपटांतील चाली वाजवीत. त्यांच्या तबकड्या पुष्कळ घरांतून ऐकिल्या जात. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच जातीच्या गिटारवर राग मांडले, आणि सन 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत त्यांची गिटार संतूर व बासरी यांच्या पंक्तीस बसली.

डोंबिवलीच्या त्या दोघा भावांची गिटार आम्ही हा लेख लिहीत असता अद्याप पुरी व्हावयाची आहे. खुंट्या बसल्या, घोडी बसली. वेटोळे तेवढे राहिले आहे. बीचमची हकीकत आम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगितली तेव्हा वडील हसले, आणि मातोश्रींनी आपले शिवणयंत्र वापरण्यास परवानगी दिली. मात्र दिवाळीचे शिवणकाम आटोपल्यावरच.